गावी जायचा कोट

आमच्या खोलीत माणसं सात होती आणि कोट एकच होता. राखाडी रंगाचा, आतून गुळगुळीत अस्तर लावलेला. तो कोणाचा, असं विचारलं की सगळे मास्तरांकडे बोट दाखवायचे, आणि मास्तर म्हणायचे, "जो गावी निघालाय त्याचा."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात त्यांचं मशीन होतं. वर काचेची कपाटं, आरसे, गार हवा. खाली मास्तर, दोन ट्यूबलाइटी आणि भिंतीला आलेली ओल. वर गिऱ्हाइकानं पँट घालून पाहायची, ती लांब निघायची, सेल्समननं खडूनं खूण करून ती खाली टाकायची, आणि गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत मास्तरांनी ती आखूड करून वर पाठवायची. "या शहरातल्या निम्म्या लोकांच्या पायांची मापं मला ठाऊक आहेत," ते म्हणायचे, "तोंड मात्र एकाचंही पाहिलेलं नाही."

माझा त्यांच्यावर जीव होता, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी त्यांच्यावर चिडलेला दिसलो तर कोणी गैरसमज करून घ्यायला नको. मी रंगारी. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती रंगवायच्या आणि संध्याकाळी येऊन आमच्या पोपडे उडालेल्या भिंतीला पाठ टेकून बसायचं, असा माझा कार्यक्रम. आम्ही सगळे एकाच बाजूचे, डोंगरापलीकडच्या वेगवेगळ्या गावांतले. तिकडे हाताला काम नाही असं नव्हतं. काम होतं, पण त्याला दाम नव्हता. मास्तरांचंच घ्या. आमच्याकडे पँट लांब झाली तर माणसं ती खालून दुमडतात. जिथं माणसं दुमडून भागवतात तिथं टेलरनं काय खावं?

म्हणून मास्तर इकडे आले. आणि इकडे तरी काय, त्याच तळघरात त्यांच्या शेजारी इथलाच एक टेलर बसायचा. काम तेच, मशीन तसंच, आणि पगार त्याला दीडपट. कारण काय, तर तो इथला. नोकरी सोडली तरी त्याला घर होतं. आम्हाला नोकरी सुटली तर गाडी पकडावी लागणार, हे शेठला पक्कं माहीत होतं. मला याचा फार राग यायचा. मास्तरांना यायचा नाही, आणि त्याचा मला जास्त राग यायचा. "अरे, तो पण बिचारा डोळे फोडून घेतोच आहे," असं म्हणून ते सुईत दोरा ओवायला लागायचे. बोलणं खुंटलं.

तर कोट. एका लठ्ठ गिऱ्हाइकानं तो शिवायला टाकला आणि न्यायला आलाच नाही. वर्षभर लटकवून शेठ कंटाळला आणि पगारवाढीच्या ऐवजी त्यानं तो मास्तरांना देऊन टाकला. मास्तर काडीपैलवान. त्या कोटात ते दोनदा मावले असते. पण त्यांनी तो उसवला, आत माया, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जादा कापड, भरपूर ठेवली आणि बाजूच्या शिवणी कच्च्या टाक्यांनी घातल्या. कच्चा टाका दोन मिनिटांत निघतो आणि पाच मिनिटांत पुन्हा पडतो. अशा रीतीनं तो कोट मास्तरांना यायला लागला, मला यायला लागला, आणि आमचा वेल्डर, ज्याला आम्ही पैलवान म्हणायचो आणि जो खरोखरच तसा होता, त्यालाही यायला लागला. कोणी गावी निघाला की आदल्या दिवशी मास्तर त्याला बादलीवर उभं करायचे, तोंडात टाचण्या धरून त्याच्याभोवती फिरायचे आणि ओठांच्या फटीतून सूचना द्यायचे. गाडीत घालायचा नाही. गाव जवळ आलं की घालायचा. आणि मुख्य म्हणजे, कोटात असताना दोन्ही हात एकदम वर करायचे नाहीत, नाहीतर टाके गेलेच म्हणून समजा.

या शेवटच्या सूचनेपायी मी फार सोसलंय. माझी भाची धावत यायची, "मामा, उचल ना" म्हणायची, आणि मी कंबर धरून सांगायचो की मामाच्या पाठीत भरलंय. तिच्या आजीला वाटायचं, पोरगा शहरात राबून राबून मोडला. पण कोट पाहून तिचा चेहरा असा फुलायचा की पाठीचं लगेच विसरायची. शेजारीपाजारी यायचे, कापड चिमटीत धरून बघायचे. मी भाव खाऊन घ्यायचो. कोणाला नको असतं? वर्षातून ते आठ-दहा दिवसच तर आपले असतात.

आम्ही खोटं बोलत नव्हतो. कोणी विचारलंच नाही की तुम्ही किती जण झोपता, आणि आम्हीही सांगितलं नाही. पण एक गोष्ट हळूहळू ध्यानात यायला लागली. कोट एकदा एखाद्या गावी जाऊन आला की पाठोपाठ त्या गावातले दोन-तीन तरुण पिशवी घेऊन इकडे उतरायचे. आमच्या शेजारच्या खोल्या अशाच भरल्या. भाडं वाढलं. रंगकामाचा दर मात्र उतरला, कारण माझ्या मुकादमाला आता माझ्यापेक्षा कमी पैशांत माणसं मिळायला लागली, आणि ती माझ्याच गावची होती. मुकादमाला बोलायची सोय नव्हती. कोणाला बोलावं, कोटाला?

मास्तर याबद्दल काही बोलत नसत. पण बादलीवर उभं करताना त्यांची थट्टामस्करी कमी झाली, एवढं मला दिसत होतं. आणि मग त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला.

धाकटा गावी सुतारकाम करायचा. रस्त्याला लागून त्याचं दुकान, आणि दुकानात लाकूड कापायचं एक मशीन, जे मास्तरांनी तळघरात डोळे फोडून पाठवलेल्या पैशांतून आलं होतं. आई त्याच्याजवळ, मास्तरांची बायको आणि मुलगी त्याच्याच घरात. घरचा गाडा तोच ओढायचा. त्या मशीनला त्यानं गिऱ्हाईक शोधलं होतं. मशीन विकायचं, आलेल्या पैशांतून शहरातल्या कामाच्या दलालाला कमिशन द्यायचं आणि इकडे यायचं, असा त्याचा बेत.

मास्तर फोनवर खूप समजावत होते. मी शेजारीच बटाटे सोलत बसलो होतो, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. "अरे, इथं काही नाही. बाहेरचा सुतार इथं हेल्परच राहतो. रंधा कोणी हातात देत नाही, फळ्या उचलायला लावतात."

पलीकडून धाकटा म्हणाला, "मग तू कोट घालून काय फळ्या उचलतोस का?"

 धाकटा तेवढ्यावर थांबणाऱ्यातला नव्हता. "दादा, तुला तिकडे मान आहे. मी आलो तर तो वाटून घ्यावा लागेल, हेच ना? मी आयुष्यभर इथंच भुसा गिळत बसावं, असंच तुला वाटतं."

मास्तरांना हे इतकं लागलं की त्यांनी फोन ठेवून दिला आणि त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पैलवाननं एक उपाय काढला. पैलवान त्याच सुमारास कोट घेऊन एका लग्नाला तिकडे निघाला होता. त्याच लग्नाला धाकटाही यायचा होता. तो कोट पैलवानच्या अंगावर बघेल, ओळखेल, आणि आपसूकच त्याच्या डोक्यात प्रकाश पडेल. मास्तरांना सांगायला जिवावर येत होतं ते कोटच सांगेल.

धाकट्यानं कोट ओळखला. लाकडातली रेघन् रेघ ओळखणारा माणूस, तो ओळखणारच. पैलवानजवळ येऊन त्यानं कॉलर चाचपली आणि विचारलं, "तुमच्या कंपनीत सगळ्यांनाच हा कोट देतात वाटतं?"

आता पैलवानला खरं सांगायला तोंड उघडायचं होतं. पण भोवती नवरीकडचे चार लोक उभे, त्यात पैलवानच्या बहिणीसाठी पाहिलेल्या स्थळाचे दोघे. पैलवान म्हणाला, "हो. जुन्या लोकांना देतात."

परत आल्यावर त्यानं हे सांगितलं तेव्हा मास्तरांनी कपाळाला हात लावला. म्हणजे एवढा उपद्व्याप करून झालं काय, तर आतापर्यंत एक भाऊ साहेब होता, आता कंपनीच मोठी झाली.

मग मास्तरांनी एकच केलं. धाकट्याला फोन करून म्हणाले, "सौदा करायच्या आधी एकदा इथं ये. चार दिवस राहा. स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मग काय ते ठरव." धाकटा कबूल झाला.

आम्हाला मास्तरांनी इतकंच सांगितलं की शनिवारी भाऊ येतोय. कशासाठी येतोय ते सांगायचं त्यांना सुचलं नाही, किंवा त्यांना वाटलं असेल की आम्हाला समजलंय. आम्हाला समजलं ते एवढंच, की मास्तरांचा भाऊ पाहुणा येतोय. आणि आमच्याकडच्या माणसाला पाहुणा येतोय म्हटलं की काय होतं ते काय सांगू. अंगात येतं.

मास्तर शनिवारी सकाळी कामावर गेले आणि आम्ही कामाला लागलो. कामावरून उरलेला फिका निळा रंग मी आणलाच होता, त्यानं दर्शनी भिंत रंगवली. पैलवाननं खिडकीचं मोडलेलं बिजागर डाग देऊन बसवलं. खोलीतला तिसरा पक्का गडी म्हणजे आमचा बेकरीवाला. त्यानं बेकरीच्या मालकाकडून एक लोखंडी पलंग मागून आणला, वर स्वच्छ चादर. आमच्या वळकट्या, ट्रंका, दोरीवरचे कपडे, सगळं बेकरीच्या कोठीत नेऊन टाकलं. चार दिवस आम्ही तिकडेच पिठाच्या पोत्यांवर झोपायचं ठरलं. टेबलावर प्लॅस्टिकची फुलंसुद्धा ठेवली. खोली अशी दिसायला लागली की भाडं वाढवावं असं घरमालकाला वाटलं असतं.

संध्याकाळी मास्तर भावाला घेऊन आले. दार उघडलं आणि ते उंबऱ्यातच उभे राहिले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. धाकटा मात्र आत आला, पलंगावर बसून पाहिला, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "दादा, एवढी खोली एकट्याला?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आनंदानं त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाहीये. मी खूण केली की आभार मानू नका, आपल्यात कसले आभार.

रविवारी दुपारी आम्ही चहाला आलो. स्वतःच्याच खोलीचं दार वाजवून आत आलो, चपला ओळीनं बाहेर काढल्या आणि पाहुण्यांसारखे भिंतीला टेकून बसलो. धाकटा खुशीत होता. हुबेहूब मास्तरांचं नाक, पण खांदे रुंद आणि हात सुताराचे. तो आम्हाला म्हणाला, "तुम्ही सगळे जवळच राहता का?" आम्ही म्हणालो, हो, जवळच. मग बिस्किट चहात बुडवून तो मास्तरांना म्हणाला, "मी आज त्या गिऱ्हाइकाला फोन करून टाकतो. मशीन घेऊन जा म्हणतो. बघायचं ते बघून झालं."

मास्तरांनी कप खाली ठेवला. उठून दार लावून घेतलं. मास्तरांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता, आणि त्या दिवशीही तो चढला नाही. ते मला म्हणाले, "रंगारी, सगळ्यांच्या वळकट्या घेऊन ये."

"आत्ता?"

"आत्ता. आणि पलंग बाहेर काढा."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं की आम्ही काय करून ठेवलंय. बेकरी गल्लीच्या तोंडाशीच होती. आम्ही वळकट्या घेऊन आलो. पलंग बाहेर गेला. "आपापल्या जागी पसरा," मास्तर म्हणाले, "आणि झोपा." भर दुपारी, चहाचे कप बाजूला सारून आम्ही सात जण रोजच्या क्रमानं झोपलो. दाराशी बेकरीवाला, मग इतर तिघं, मग मी, मग पैलवान, आणि मोरीच्या कडेला मास्तर, कारण तिथं पाणी उडतं आणि तिथं झोपायला कोणी तयार नसतो. धाकटा मधोमध उभा. म्हणजे मधोमध नाही, माझ्या पायांच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभा.

"आता तुझी जागा शोध," मास्तर पडल्या पडल्या म्हणाले.

धाकट्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. जागा नव्हतीच. मास्तरांना जे दाखवायचं होतं ते त्याला दिसत होतं, चेहराच सांगत होता. आणि तेवढ्यात पैलवान आपलं अवजड अंग कुशीवर करत म्हणाला, "ये की इकडे. मावशील." तो सरकला म्हणून मी सरकलो. मी सरकलो म्हणून बाकीचे सरकले. रोजची सवय. कोणी नवीन आला की सरकायचं. पैलवान आणि मास्तरांच्या मध्ये एका माणसाची जागा झाली.

"अरे, सरकताय काय," मास्तर म्हणाले. ते रडकुंडीला आले होते.

धाकटा त्या जागेत आडवा झाला. एका अंगावर, कारण उताणं झोपण्याइतकी रुंदी नव्हती. तोंड मास्तरांकडे.  तसाच पडून त्यानं विचारलं, "दादा, तू असा झोपतोस?"

"सवय झाली."

"कधीपासून?"

"तुझ्या लग्नाच्या आधीपासून."

"आणि तो कोट?"

"सगळ्यांचा आहे."

मग धाकटा म्हणाला, "चल घरी." आम्ही सगळे छताकडे बघत पडलो होतो, दुसरीकडे बघण्याची सोयच नव्हती. "दोघं मिळून दुकान चालवू. वहिनी आहे, पोरगी मोठी व्हायला लागलीय. तू चल."

मास्तर म्हणाले, "तुझ्या दुकानात दोघांचं भागेल?"

धाकटा बोटांच्या पेरांवर हिशेब करायला लागला आणि अर्ध्यातच थांबला.

"बरं, तुझं एकट्याचं तरी कोणाच्या जिवावर चालतं सांग. दारं कोण करून घेतं? पलंग कोण करून घेतं? ज्यांचं कोणी ना कोणी बाहेर आहे तेच ना? ज्यांचं कोणीच बाहेर नाही ते दाराला गोणपाट लावतात, तूच सांगायचास. आम्ही सगळे उद्या परत आलो तर तुझं मशीन गंजत पडेल, धाकट्या."

"मग मी येतो आणि तू जा. तू पुष्कळ केलंस."

"तुझ्या हातात सुतारकी आहे, तिची तिथं तरी किंमत आहे. इथं तू ओझं उचलशील. माझी पँट तिथं कोणाला हवीय?" मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढं अंतर होतंच कुठे. "एकाला इथं राहावं लागतं, तेव्हा दुसऱ्याला तिथं राहता येतं. मी मोठा आहे. मी राहतो."

धाकटा रडला. मास्तरही रडले. पैलवान तर असा हुंदका देऊन रडला की आमची अख्खी रांग हलली. मला रडू येत नाही सहसा. त्या दिवशी आलं.

मशीन विकलं गेलं नाही. धाकटा बाकीचे दिवस आमच्यातच झोपला, आणि जाताना आम्हा सातही जणांच्या ट्रंका एकावर एक मावतील अशी लाकडी मांडणी करून गेला. तिच्यामुळे जमिनीवर एका माणसाची जागा सुटली. त्या जागेवर पुढच्याच महिन्यात कोण आलं आणि कुठल्या गावचं, ते सांगत नाही, माझं डोकं फिरतं.

काही दिवसांनी मास्तरांच्या आईचा फोन आला. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती मोठ्यानं बोलायची, आणि सगळ्या खोलीला ऐकू जायचं. तब्येत, औषधं, मुलीची शाळा, सगळं झालं. मग म्हणाली, "धाकट्याला विचारलं, दादा कसा राहतो रे? तर म्हणाला, एकदम ऐसपैस. पलंग आहे, खिडकी आहे. मग म्हटलं, तू का नाही राहिलास? तर म्हणतो, तिथं एकाचीच जागा होती आणि ती दादाला मिळाली. तेव्हापासून तुझं नाव काढलं की उठून बाहेर जातो. हेवा वाटत असेल रे त्याला. लहान आहे, तू मनावर घेऊ नकोस."

मास्तर मोरीच्या कडेला बसले होते. "नाही घेत, आई," ते म्हणाले.

"आणि त्यालाही जरा वर काढ तुझ्याबरोबर. तू एकट्यानंच सुख भोगू नयेस."

मास्तर म्हणाले, "हो आई. बघतो."